उन्हात उडालेला निळा रंग

मी बोटभर लांबीची काचेची पट्टी बोलतेय. माझ्या अंगावर दुसरी एक नाजूक काच चिकटवलेली आहे. आम्हा दोघींच्या मधे माणसाच्या मेंदूचा एक काप झोपलेला आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तो माणूस कोण होता, मला ठाऊक नाही. मुंबईच्या एका इस्पितळात तो एकटाच वारला, एवढंच ऐकलं.

तिथल्या प्रयोगशाळेत गुरुदास काम करायचा, मूळचा मालवणजवळच्या तोंडवलीचा. त्याने मला निळ्या रंगात बुडवलं आणि मग स्पिरिटमध्ये हळूहळू हलवत राहिला. बाकी सगळा रंग वाहून जातो, मज्जापेशी मात्र आपला निळा रंग काही वेळ धरून ठेवतात. नेमकं तेव्हाच बाहेर काढायचं असतं. त्याने काढलं. माझ्या आत कितीतरी निळे ठिपके उमटले, पहाटेच्या खाडीत होड्या नांगरून असाव्यात तसे.

१९६६ च्या मे महिन्यात गुरुदासने मला रुमालात गुंडाळून गावी आणलं, ते त्याच्या भाचीसाठी. आठवीतली सुगंधा वर्गात आकडी येऊन पडली होती. तिचे वडील भिकाजी होड्या बांधायचे. बाहेरची बाधा आहे असं समजून ते तीनदा उतारा काढणाऱ्या घाड्याकडे जाऊन आले होते, आणि तिची शाळा त्यांनी बंद केली होती.

"भावोजी, ह्यो मेंदूचो आजार. मेंदूच्या पेशी ह्या काचेत दिसतत, तेंच्यातच बिघाड होता. मालवणच्या डाक्टराकडे गोळये आसत," गुरुदास म्हणाला.

"डोळ्यांनी बघलंय तर मानीन," भिकाजी म्हणाले.

त्यासाठी लागणारा सूक्ष्मदर्शक जवळच्या मसुरे गावच्या शाळेत होता आणि शाळेला सुटी. मास्तर परत येईपर्यंत मी जानकीच्या, म्हणजे सुगंधाच्या आईच्या, फडताळात राहिले. सुगंधा दुपारी मला हळूच उजेडात धरायची. तिला नुसता निळा डाग दिसायचा. मग मला पुन्हा रुमालात गुंडाळून ठेवायची.

मे मध्यावर आला तशी अंगणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, वाळवणं पडली. कोणा बिचाऱ्याचा मेंदू पावसात बुरसू नये म्हणून जानकीने मलाही कोकमाच्या सोलांच्या शेजारी सुपात ठेवलं. पंधरा दिवस मी ऊन खाल्लं. छान ऊब होती. समुद्राचा आवाज ऐकत मी पडून राहायचे आणि माझ्यातल्या होड्या एकेक करून धुक्यात जायच्या. मला ते कळलंच नाही.

मास्तर परतले आणि त्यांनी शाळेतलं सूक्ष्मदर्शकाचं कपाट उघडलं तेव्हा चौघंही तिथे होती. भिकाजी नळीवर वाकले.

"भावोजी, उघडो डोळो लावा. झाकलेलो न्हय."

सुगंधाला हसू आलं, ते तिने दाबलं. भिकाजींनी बराच वेळ पाहिलं.

"हयसर कायच नाय. नुसता पांढरा."

गुरुदासने वाकून पाहिलं, मला पुसलं आणि पुन्हा पाहिलं. सुगंधा खिडकीबाहेर बघू लागली.

"मियां सोलांबरोबर उन्हात ठेवलंय," जानकी पुटपुटली. "बुरशी लागात म्हणान."

भिकाजींनी मला उचललं आणि बोटांत धरून उजेडात फिरवलं. होडीची फळी तपासावी तसं.

"उन्हात ठेवलंस होय," ते म्हणाले. "गेल्या वर्षी बाबलीच्या होडयेक असोच निळो रंग दिलंय. एका उन्हाळ्यात पांढरी झाली. पण रंग गेलो म्हणान होडी खंय गेली? बाबली तिच्यातच बसान मासे मारता."

मग त्यांनी मला गुरुदासच्या हातात दिलं. "तो डाक्टर खंय बसता?"

मालवणच्या गोळ्या घेत सुगंधा जूनपासून पुन्हा शाळेत जाऊ लागली. त्या वर्षात ती दोनदा पडली. दोन्ही वेळा भिकाजींनी तिला कुशीवर वळवलं आणि ती उठेपर्यंत शेजारी बसून राहिले.

मी आता तिच्या कंपासपेटीत असते. गुरुदासने पुढच्या सुटीत तिला सांगितलं, की मेंदूच्या पेशींची स्वतःची अशी प्रथिनं असतात असं मोठे डॉक्टर म्हणतात. उद्या कदाचित त्यांच्यावरूनच पेशी ओळखता येतील. त्या दिवसापासून मी स्वप्न बघते. कोणीतरी येईल, माझ्यातल्या एकेका होडीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारील, आणि धुक्यातून त्या 'ओ' देतील.

तोवर मला कोरी समजून टाकून देऊ नका. आणि जमलंच तर सावलीत ठेवा.