पिकअपचा शास्त्रार्थ

काशीतल्या आमच्या घरात दोन विद्वान आहेत आणि दोघांना मिळून भिंतीत एक खिळा ठोकता येत नाही. एक माझा थोरला भाऊ श्रीनिवास, ज्याने आयुष्यभर पाठशाळेत न्यायशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, शिकवलं. दुसरा आमचा चुलतभाऊ दत्तात्रेय. तो रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झाला, त्यामुळे जगातली कुठलीही जड वस्तू आपल्या देखरेखीशिवाय हलू नये असं त्याला वाटतं. मी विद्युल्लता, बँकेतून निवृत्त. लग्न केलं नाही. ह्या दोघांना बघत लहानाची मोठी झाल्यावर कुणी केलं असतं?

ह्या कार्तिकात दोघांना चघळायला एक प्रश्न मिळाला. श्रीनिवासची मुलगी ऋता हिने एटीव्ही घेतली. म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल धरून बसायची, चार जाड फुगीर चाकांची, वाळूत कुठेही पळणारी गाडी. गंगेचं पाणी ओसरलं की पलीकडच्या रेतीवर पर्यटकांची जत्रा भरते. उंट येतात, घोडे येतात, आणि हल्ली ह्या गाड्या. ऋताने तिकडे फेऱ्या मारायला जागा मिळवली होती. अट एवढीच की एकादशीपर्यंत गाडी रेतीवर उभी हवी, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. पोरीने त्यासाठी नोकरी सोडली होती, कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीची गर्दी तोंडावर आली होती. ती जागा हातची गेली असती तर तिच्याकडे एक शोभेची गाडी उरली असती, बाकी काही नाही.

गाडी पांडेपूरला दत्तूच्या शेडमध्ये उभी होती. आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसाला भिंतीला चिकटावं लागतं, तिथे ही येणार कुठून? बरं, चालवत न्यावी तर तिला नंबरप्लेट नाही, पुलावर पोलीस धरणार. तेव्हा पिकअपवर घालायची आणि राजघाटच्या पुलावरून पलीकडे न्यायची, एवढंच काम. ऋताने ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"आत्या, सीधी बात आहे. पिकअपच्या हौद्यात चढवायची. मागचा फाळका खाली पाडायचा, दोन लोखंडी रॅम्प लावायचे, वर घेतली की चारी कोपऱ्यांना पट्ट्यांनी कसून टाकायची. बस."

पण तिला कुणी विचारलं होतं? आमच्या बैठकीत शास्त्रार्थ मांडला गेला.

दत्तूचा पक्ष ट्रेलरचा. "हौदा उंच. उंचावरची वस्तू पडते. ट्रेलर जमिनीलगत असतो, पिकअपच्या मागे जोडला की काम फत्ते. मी मालधक्क्यावर काय काय हलवलंय!" त्या पिकअपला ट्रेलर अडकवायचा आकडाच नव्हता, ट्रेलर भाड्याने कोण देतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मैदागिनच्या गर्दीत तो शेपटासारखा मागे घेऊन वळणार कोण, हे विचारणं त्याच्या लेखी क्षुद्रपणा होता.

श्रीनिवासने डोळे मिटून ऐकून घेतलं आणि खंडन केलं. "ट्रेलर हा पिकअपचा अवयव की स्वतंत्र वस्तू? अवयव असेल तर तो वेगळा का वळतो? स्वतंत्र असेल तर त्याच्या वळण्याची हमी कोण देणार?" हे बोलून त्याला इतका आनंद झाला की त्याने ते पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दत्तूने नवा पक्ष आणला. पिकअपच्या मागे लोखंडी रॅक बसवायचा आणि गाडी त्यावर टांगायची, लोक सायकली टांगतात तशी. ऋता म्हणाली, "काका, वजन बघा ना तिचं. पिकअपची अगली चाकं हवेत जातील." दत्तू म्हणाला, वजनाचं मला शिकवू नकोस. मग तो टेप घेऊन शेडमध्ये गेला आणि गाडीची लांबी मोजून आला, रुंदी विसरला. पुन्हा पाठवला तेव्हा गाडीची रुंदी आणली, पण हौद्याची राहिली. असा माणूस रेल्वेने निवृत्तीपर्यंत कसा सांभाळला, हे रेल्वेच जाणे.

पिकअपवाला बंसराज रोज फोन करायचा. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच. "हो जाई गुरू, सब हो जाई." एवढा निश्चिंत माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या पिकअपचा एक आरसा दोरीने बांधलेला होता, तेवढं सोडलं तर.

राहता राहिला हौदा. तिथे श्रीनिवासच्या बुद्धीला खरी धार आली. रॅम्प आखूड असतील तर चढ खडा होणार. खड्या चढावर गाडी मागे उलटणार. उलटली तर तिच्याखाली ऋता.

"बाबा, पिकअपची मागची चाकं खोलगट जागेत उभी करू. हौदा खाली येतो, चढ कमी होतो. आणि मी वर बसणारच नाही, बाजूने चालत पहिल्या गिअरमध्ये घेईन."

"आणि पट्टे सुटले तर?"

"चार आहेत."

"चारही सुटले तर?"

दशमीच्या संध्याकाळपर्यंत हे चाललं. ऋता उठली, चपला पायात घालून खाली निघून गेली. जिन्यात ती रडत होती, ते मला ऐकू आलं. ह्या दोघांना नाही आलं. दत्तू टेप ओढून बघत होता आणि श्रीनिवास पट्ट्यांच्या तुटण्याची कारणं मोजत होता.

माझं डोकं फिरलं. "दादा, तुला गाडी न्यायचा मार्ग शोधायचाच नाहीये. जो मार्ग निघेल तो खोडून काढायचाय तुला."

त्याने मोजणीची बोटं मिटली. मग म्हणाला, "तिकडे तिला काही झालं, तर मी घाटावर बसून बघत राहू का? मला पलीकडे जाता येत नाही."

इथे थोडं सांगायला हवं. काशीत मरण आलं की मुक्ती, आणि नदीपलीकडे आलं की पुढचा जन्म गाढवाचा, असं इथलं शेंबडं पोरही सांगतं. श्रीनिवास वर्गात ह्या समजुतीची टर उडवायचा. मग त्याची बायको, आमची पद्मावहिनी, मुगलसराईला एका लग्नाला गेली. परतताना पडावच्या चौकात गाड्यांची रांग लागली होती, तिथे तिच्या छातीत कळ आली. पूल समोर दिसत होता. तिने पुलाच्या त्या बाजूलाच प्राण सोडला. तेरावं झालं आणि ह्या तर्कशास्त्र्याने क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे आता मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. तेव्हापासून तो दुर्गाघाटावर स्नानाला जातो, पण नावेत पाय ठेवत नाही.

"जाता येत नाही की जायचं नाही?" मी विचारलं.

"व्रत आहे विद्युल्लता."

"वा! म्हणजे तू इथे जपून जपून मरणार आणि सुटणार. वहिनी तिकडे गाढव होऊन कुणाची तरी ओझी वाहणार. चांगला संसार केलास."

दत्तूच्या हातातला टेप सुटला आणि सर्रकन आत गेला. मी मुद्दाम बोलले होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही. ह्या घरात मला माझं वाटणारं एकच माणूस होतं, ते वहिनी. उपासाच्या दिवशी केळ्यांची फणी संपवायची आणि वर म्हणायची की फळाला पाप नसतं. तिच्या मरणातून ह्याने स्वतःच्या मोक्षाची सोय लावून घेतली, ह्याचा राग मी इतके दिवस गिळत होते. श्रीनिवासने शाल उचलली आणि आतल्या खोलीत गेला.

एकादशीला सकाळी मी आणि ऋता पांडेपूरला पोचलो तेव्हा दत्तू हजर होता, आणि त्याने रॅम्पऐवजी शेडच्या दाराच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या. ऋताने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने बंसराजला पिकअप मागे घ्यायला लावली, मागची चाकं रस्त्याकडेच्या खोलगट भागात उतरवली, फाळका पाडला. लोखंडी रॅम्प सरकू नयेत म्हणून साखळीने हौद्याला बांधले. मग बाजूने चालत, हँडलवर वाकून, घोडं पाण्यावर न्यावं तशी ती गाडी वर घेऊन गेली. दत्तू खालून "हळू, हळू, अजून हळू!" ओरडत होता आणि ते झाल्यावर त्याने कपाळाचा घाम पुसला, जणू त्यानेच चढवली.

"देखा? हो गइल," बंसराज म्हणाला.

ऋता शेवटचा पट्टा कसत होती तेवढ्यात ई-रिक्षातून श्रीनिवास उतरला. धोतर, शाल, खांद्याला झोळी. मला वाटलं, रात्रभर जागून नवी शंका घेऊन आलाय. ऋताचा हातही थांबला. तो पिकअपभोवती फिरला, एकेक पट्टा ओढून पाहिला. एकाशी थांबून म्हणाला, "हा थोडा सैल आहे." ऋताने तो आवळला. मग त्याने पुढचं दार उघडलं आणि धोतर सावरत केबिनमध्ये चढून बसला.

"बाबा?"

"तू तुझ्या स्कूटीवर पुढे हो. आम्ही मागून येतो."

केबिनमध्ये तिघांची जागा. बंसराज, श्रीनिवास आणि मी. दत्तू फळ्यांपाशी उभा राहिला, टेप घेऊन.

पुलावर चढेपर्यंत मी तोंड आवरलं. मग आवरेना. "आणि व्रत?"

"मोडलं," तो समोर बघत म्हणाला. "पुढचा जन्म गाढवाचा मिळाला तर मिळाला."

"ह्या जन्मी काय वेगळं चाललंय?"

बंसराजला आमचं मराठी किती कळलं कोण जाणे, पण तो मोठ्याने हसला. श्रीनिवास हसला नाही. पडावच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या. तिथे उभे असताना त्याने हात जोडले आणि रांग हलेपर्यंत ते तसेच ठेवले. मी दुसरीकडे बघितलं.

रेतीवर गाडी उतरवायला वेळ लागला नाही. जागा अजून ऋताचीच होती. तिने किल्ली फिरवली, गाडी गुरगुरली आणि वाळू उडवत ती पार पाण्याच्या कडेपर्यंत गेली, वळली, परत आली. पलीकडे सगळे घाट उन्हात उभे होते आणि त्यांत आपला दुर्गाघाट कुठला हे श्रीनिवासला ओळखू येईना. जन्मभर तो तिथून इकडे बघत आला होता. ऋताने बोट करून दाखवला. ती हसत होती. मला फार बरं वाटलं.

मग तो कुठे गेला म्हणून मी वळून पाहिलं. थोड्या अंतरावर एका धोब्याची गाढवं कपड्यांच्या गाठोड्यांखाली उभी होती. श्रीनिवास त्यातल्या एका गाढवीसमोर थांबला होता. कुणी बघत नाही ना म्हणून त्याने मागे पाहिलं. मी बघत होते. त्याने नजर वळवली, झोळीतून उपासाचं केळं काढलं, सोललं, आणि तळहातावर धरून तिच्यापुढे केलं. तिने ते खाल्लं आणि पुन्हा त्याचा हात हुंगायला लागली.

त्याची खिल्ली उडवायला माझ्यापाशी शब्द तयार होते, एकाहून एक सरस. मी जवळ गेले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"अजून एक काढ दादा," मी म्हटलं. "वहिनीचं एकावर कधी भागलंय?"