टाचणीच्या टोकाएवढा ठिपका

ताई सकाळी प्रयोगशाळेत आली, तर फ्लास्कमधलं पाणी ताकासारखं दाट झालेलं. सर खुशीत होते. "बघ, शेवटी धरलं बाळसं तुझ्या यीस्टने."

ताईने मात्र फ्लास्क उजेडात धरून पुन्हा पाहिला. तिचं यीस्ट इतकं धडधाकट असूच शकत नव्हतं. धाकट्या बहिणीच्या शरीरात एक एन्झाइम तयार होत नव्हतं आणि तिचे स्नायू हळूहळू गळत चालले होते. माणसाचं जनुक घातलं की साधं यीस्टही ते एन्झाइम करून देई, पण त्यावर आपल्याच धाटणीच्या साखर-साखळ्यांचं रान माजवी. माणसाच्या पेशी असला माल दारातूनच परत पाठवतात. म्हणून ताईने एकेक जनुक काढून यीस्टची ही खोड मोडली होती आणि त्याला माणसासारखी साखर चढवायला शिकवलं होतं. या शिकवणीत बिचारं पार खंगलं होतं. आता कुठून तरी साधं यीस्ट आत घुसलं होतं, दुसरं काय. आणि आपल्या खंगलेल्या वाणातला थोडा पुढच्यासाठी गोठवून ठेवायचं ताईकडूनच राहून गेलं होतं.

"नव्याने करू," सर म्हणाले. नव्याने म्हणजे वर्ष पाण्यात. धाकटीला आत्ताच जिना चढवत नव्हता.

आपलं यीस्ट कुठे तगलं असलंच तर सापडावं म्हणून ताईने फ्लास्कमधला थेंब पातळ करून कितीतरी प्लेटांवर पसरला. सगळीकडे साध्या यीस्टचे गुबगुबीत पांढरे ठिपके उगवले. सर प्लेटा टाकायला निघाले, तर तिने हात लावू दिला नाही. आठवडा उलटला आणि एका कडेला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला.

"हा मेलेला आहे."

"नाही सर, आळशी आहे. आमच्या घरात एक आहे अशी."

तो ठिपका तिने जिवापाड जपला. वाढल्यावर आधी गोठवला, मग त्याचं एन्झाइम धाकटीच्या त्वचेतून वाढवलेल्या पेशींवर घातलं. पेशींनी ते घरच्यासारखं आत घेतलं. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून बघत राहिले.

"मी तर फेकून दिलं असतं," ते हळूच म्हणाले.

ताईने घरी फोन लावला.

"घेतलं तुझ्या पेशींनी."

धाकटीने लगेच विचारलं, "मग औषध कधी?"

"अजून वर्षं लागतील गं. किती चाचण्या असतात."

"लागू देत. मी कुठे पळून चाललेय?"

धाकटी स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसली. ताईने फोन कानाला तसाच धरला आणि तोंडावर हात ठेवून रडली.