माझ्या पोटात सोने शिरले तेव्हा

मी एक जुनी तिजोरी आहे. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या एका लहान गावात, लोवेल आमुंडसन नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये, बर्फ उपसायचे फावडे आणि रंगाचे वाळलेले डबे यांच्या शेजारी मी उभी असते. मित्रांनो, तिजोरी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच सोने येत असेल. कृपा करून ते नाव माझ्यासमोर काढू नका. मी ते पोटात ठेवून पाहिले आहे आणि त्याची शिसारी अजून गेलेली नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाचे जाड पत्रे, त्यावर हिरवा रंग, दारावर आकड्यांची चकती. लोवेलची मुलगी जनेल रांगायला लागली तेव्हा त्याने मला घरी आणले. हरणांच्या शिकारीच्या त्याच्या दोन बंदुका होत्या, आणि पोरीचा हात तिथवर पोहोचू नये एवढेच माझे काम होते. कुलपाला आकडा लावला तो जनेलच्या जन्मतारखेचा. माझ्या आत काय आहे यापेक्षा माझ्या बाहेर कोण सुखरूप आहे याचा मला अभिमान वाटे. पुढे बंदुकांशेजारी घराचे कागद आले, लोवेलच्या बायकोच्या, म्हणजे अर्लिसच्या, आईचा एक ब्रूच आला, आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत जनेलचे दुधाचे दात. पाहुणे आले की लोवेल माझ्या दारावर थाप मारून म्हणायचा, "घर जळालं तरी हिला काही होणार नाही." मी फुलून जायचे.

मग लोवेल धान्याच्या कोठारावरच्या नोकरीतून निवृत्त झाला आणि दिवसभर गॅरेजमध्ये रेडिओ ऐकत बसू लागला. त्या रेडिओवर एकच रड चालू असे: नोटांची रद्दी होणार, सोने घ्या. अखेर निवृत्तीच्या खात्यातल्या, बाहेर काढेपर्यंत कर न लागणाऱ्या सगळ्या पैशांचे सोने घ्यायचे त्याने ठरवले. प्रश्न उरला, ते ठेवायचे कुठे? विकणाऱ्याचे नाव रॉड. त्याचा फोन आला तेव्हा लोवेलने तो माझ्या डोक्यावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"बायको म्हणते, खात्यातलं सोनं बाहेरच्या, सरकारमान्य कोठीतच ठेवावं लागतं," लोवेल म्हणाला.

"घाबरट लोक ठेवतात, सर," रॉड म्हणाला. त्याचा आवाज तुपासारखा होता. "दूर कुठल्यातरी तळघरात, अनोळखी लोकांच्या ताब्यात. उद्या ते दार लावून बसले तर काय करणार तुम्ही? त्यापेक्षा तुमच्या नावाची छोटी कंपनी काढू. सोनं कंपनीचं, आणि राहील तुमच्या घरात. तिजोरी आहे ना?"

लोवेलने माझ्या दारावर थाप मारली. "ऐकलंत? टणक आहे."

एरवी त्या थापेने मी फुलले असते. त्या दिवशी अंगावरून झुरळ फिरल्यासारखे झाले.

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून अर्लिस बोलली. "तो विकणारा आहे, लोवेल. वकील नव्हे. नियमाने जिथे ठेवायचं तिथे ठेव. वर्षाचं भाडं पडेल, पडू दे."

"माझ्याच सोन्यासाठी मी भाडं भरू?"

"खातं तुझं आहे. पण गुडघे माझे आहेत."

अर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. सिमेंटच्या फरशीवर उभे राहून शेकडो पोरांना वाढते. त्या खात्याच्या भरवशावर ती जूनमध्ये काम सोडणार होती.

"जूनमध्ये तू घरी बसणार. शब्द दिलाय ना मी?"

"मग तो शब्दही ठेव त्या तिजोरीत," ती म्हणाली आणि आत गेली.

सोने आले. साधी नाणी नव्हतीच ती. रॉडने खास चकचकीत, खास महाग नाणी लोवेलच्या गळ्यात मारली होती. प्रत्येक नाणे प्लास्टिकच्या डबीत. त्यांना जागा हवी म्हणून लोवेलने बंदुका पलंगाखाली सरकवल्या, आणि कागद, ब्रूच, दातांची बाटली एका खोक्यात कोंबून फळीवर टाकली. जनेलची जन्मतारीख कुलपावरून काढून त्याने दुसराच आकडा लावला. मग रोज दुपारी पांढरे हातमोजे घालून तो माझ्यात डोके घालायचा. कॉफीचा वास येणारा त्याचा श्वास त्या डब्यांवर पडायचा आणि तो त्या पुसायचा, पुन्हा पुन्हा. जेवणाची हाक ऐकू यायची नाही. मला त्याचा वीट आला, आणि पोटातल्या त्या गुळगुळीत, थंडगार, कुणाच्याच उपयोगी न पडणाऱ्या चकत्यांचाही. उलटी करता आली असती तर मी केली असती.

एकदा तो बाहेर गेला असताना अर्लिस आली. तिला आईचा ब्रूच हवा होता. तिने चकती सावकाश फिरवली, जनेलची तारीख. मी उघडले नाही, मला उघडताच येईना. तिने पुन्हा फिरवून पाहिले. मग ॲप्रनला हात पुसून ती निघून गेली. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

मार्चमध्ये दोघे कराचा हिशेब करणाऱ्या बाईकडे जाऊन आले. गाडी गॅरेजमध्ये येऊन थांबली, पण कुणी उतरेना. काच अर्धी खाली होती.

"तुझ्या तोंडून ऐकू दे मला," अर्लिस म्हणाली.

"सोनं घरात आलं त्याच दिवशी मी खातं मोडलं असं धरतात. सगळ्या रकमेवर कर. एकदम."

"आणि ती कंपनी?"

"ती नुसती नावाला. कुलपाचा आकडा मला ठाऊक, म्हणजे सोनं माझ्या हातात आलं, असं ती बाई म्हणाली."

"बरोबरच म्हणाली. तो आकडा दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. मलासुद्धा नाही."

अर्लिस उतरली. दार धरून उतरावे लागले तिला.

कर भरण्यासाठी सोने विकायला काढले तेव्हा रॉडचा आवाज तसाच तुपाळ होता. चकाकीचे पैसे विकत घेताना मोजायचे असतात सर, आम्ही परत घेतो ते वजनाने, असे तो म्हणाला. बरेचसे पैसे चकाकीत गेले, बरेचसे करात. जून आला आणि गेला. शाळा पुन्हा उघडली तेव्हा अर्लिस पुन्हा त्या फरशीवर जाऊन उभी राहिली.

लोवेलने खोके खाली काढले, सगळे पुसून माझ्यात ठेवले, बंदुका परत आणल्या, कुलपाला जनेलची तारीख लावली. अर्लिसला सांगायला गेला तर ती म्हणाली, "तो आकडा मी कधी विसरले नव्हते."

आता शाळेच्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर स्टुलावर बसते. गुडघे वाकत नाहीत, म्हणून लोवेल जमिनीवर बसून तिच्या कामाच्या बुटांच्या नाड्या बांधतो.

"थोडी सैल कर," ती म्हणते. "दिवसभर उभं राहायचंय."

तो सैल करतो. माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, म्हातारपणासाठी जे राखायचे ते जरूर राखा, आणि नियमाने जिथे ठेवायचे तिथेच ठेवा. फक्त माझ्यासारखीचे दार लावण्याआधी, बाहेर कोण उभे आहे ते एकदा बघा.