महिनाभर वापरून

बाईंचा नियम साधा होता आणि तो बाईंनीच केलेला होता. आलेली वस्तू महिनाभर वापरल्याशिवाय पत्र लिहायचं नाही.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची, आणि वाचनालयाच्या माडीवर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जमणाऱ्या चौदाजणीही. या चौदाजणी क्रोशाच्या सुईनं स्वयंपाकघरातल्या वस्तू विणायच्या: भांडी पुसायची फडकी, बरण्यांच्या टोप्या, गरम भांडं उचलायचे जाड चौकोन. वर्षातून दोनदा चिठ्ठ्या टाकायच्या. जिच्या नावाची चिठ्ठी हातात येईल तिच्यासाठी विणायचं आणि टपालानं पाठवायचं. आपल्यासाठी कोण विणतंय ते पुडकं फोडल्यावरच कळे. मग ती वस्तू महिनाभर धुवायची, पिळायची, शेगडीशी राबवायची आणि खरं काय ते पत्रात लिहायचं. पत्र बाईंच्या पत्त्यावर यायचं आणि बाई ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायच्या.

"लगेच लिहिलेलं पत्र म्हणजे लग्नात केलेलं जेवणाचं कौतुक," त्या म्हणायच्या. "त्याला काही अर्थ नाही."

दोन वर्षांपूर्वी पोस्टात काम करणाऱ्या एकीनं विणलेली टोपी धुतल्यावर आटली होती. बाईंनी ते पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पोस्टातली मान खाली घालून ऐकत राहिली आणि पुढच्या खेपेला तिनं आपल्या नावाची चिठ्ठीच टाकली नाही. बाईंना वाईट वाटलं, पण चूक झाली असं वाटलं नाही. त्यांच्या स्वतःच्या वस्तूंबद्दल आजवर एकही वावगं पत्र आलं नव्हतं, हेही इथं सांगायला हवं. माणसाला त्याचा थोडाफार माज येतोच.

आता गेल्या आठ महिन्यांची गोष्ट. बाईंचा उजवा हात कापायला लागला होता. गंमत अशी की सुई हातात असली, बोटं चालती असली, की हात गप्प बसायचा. रिकामा झाला, किंवा एका जागी स्थिर धरायची वेळ आली, की अंगठा आणि तर्जनी आपापसात काहीतरी मळत बसायची. लिहायला घेतलं तर अक्षर ओळीगणिक बारीक होत जायचं. बाईंनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. चहाचा कप डाव्या हातानं धरायला सुरुवात केली. चिठ्ठ्यांवर नावं लिहायचं काम नातीला लावलं, "तिचं अक्षर सुधारू दे" म्हणून. नात बिचारी वैतागली. तिचं अक्षर मुळातच मोत्यासारखं होतं.

डॉक्टरकडे बाई गेल्या नाहीत. डॉक्टर काहीतरी नाव सांगणार, नाव घरात येणार, मुलगा-सून हातातली सुई काढून घेणार नाहीत पण तिच्याकडे बघायला लागणार, आणि माडीवरच्या बायका "बाई, राहू द्या, आम्ही करतो" म्हणायला लागणार. चाळीस वर्षं फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढणाऱ्या बाईला हे सोसणारं नव्हतं. विणणं सुटलं तर दिवसाचं करायचं काय, हा प्रश्न त्यांना इतका भ्यायला लावायचा की त्या तो पुरता विचारायच्याही नाहीत.

या खेपेला बाईंच्या हातात बेकरीवालीची चिठ्ठी आली. ही गटात नवीन. तिशीची, बोलायला बेताची, बेकरीत भट्टीवर काम करणारी. बाईंनी तिच्यासाठी दोन मोठे चौकोन विणले, दुहेरी, गच्च खांबांचे, कडेला निळी साखळी. दोरा नेहमीच्या दोरेवाल्याकडचा होता. रीळ जरा जास्त चमकत होतं, पण "तोच माल आहे बाई, डोळे झाकून न्या" असं तो म्हणाला.

बाई कधी डोळे झाकून काही नेत नसत. नवीन रिळाचा वीतभर दोरा काडीवर जाळून बघायचा, ही त्यांची जुनी रीत. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख होते. भेसळ असली तर दोरा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. तो दोरा गरम भांड्याजवळ न्यायचा नाही. गटात हे सगळ्यांना बाईंनीच शिकवलं होतं.

त्या दिवशी त्यांनी बशी काढली, काडी पेटवली आणि उजव्या हातात दोरा धरला. दोरा ज्योतीच्या इकडे गेला, तिकडे गेला, ज्योतीत काही जाईना. काडी डाव्या बोटांपर्यंत आली. त्यांनी ती बशीत टाकली, दुसरी पेटवली नाही. 'तोच माल आहे' असं मनाशी म्हणून त्यांनी विणायला घेतलं, आणि सुई हातात येताच हात शहाण्यासारखा वागू लागला.

पुडकं जाऊन बारा दिवस झाले होते. उरलेल्या दोऱ्याची बाईंनी घरासाठी एक गोल चकती विणली होती. दुपारी सुनेनं दूध तापवलं आणि पातेलं त्या चकतीवर ठेवलं. थोड्या वेळानं उचललं, तर चकती पातेल्याला चिकटूनच वर आली. प्लॅस्टिकची बादली जळावी तसा वास सुटला.

सुनेनं ती सुरीनं खरवडून काढली. मधोमध तळव्याएवढा भाग काचेसारखा कडक झाला होता.

"आई, दोरा जाळून बघितला होता ना तुम्ही?"

"बघितला होता की," बाई म्हणाल्या.

सुनेशी खोटं बोलल्याचं त्यांना नंतर, जिन्यात आठवलं. आधी एकच दिसत होतं: भट्टीतून काढलेला पत्रा आणि त्याला धरलेले ते दोन चौकोन. त्यांनी बेकरीवालीला तीनदा फोन लावला. कामावर असताना तिचा फोन कपाटात असायचा. तो वाजून वाजून थांबला.

"मी येते बरोबर," सून म्हणाली. "तुमचा चेहरा बघा कसा झालाय."

"चेहऱ्याला काय झालंय? होता तसाच आहे." बाईंनी आपल्या ओट्यावरचे दोन जुने, खरे सुती चौकोन पिशवीत कोंबले आणि त्या निघाल्या.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला, हल्ली त्या तसंच बसायच्या. पाऊण तासाचा रस्ता, आणि रिकामं मन काय काय सुचवतं. कदाचित तिनं अजून वापरलेच नसतील. हे जुने द्यायचे, ते परत घ्यायचे, जरा जाड विणून देते म्हणायचं. वापरले असले तरी पत्र शेवटी येणार कुणाच्या पत्त्यावर? आपल्याच. अळीमिळी गुपचिळी. हा विचार आपलाच आहे हे कळल्यावर बाईंना शरम वाटली, पण त्यांनी तो टाकूनही दिला नाही. पिशवीतल्या चौकोनांसारखाच तो सोबत घेऊन त्या उतरल्या.

बेकरीचं मागचं दार उघडं होतं. आत पिठाचा वास आणि अंगावर येणारी धग. टोपीखाली केस बांधलेली बेकरीवाली पत्र्यांच्या मांडणीशी उभी होती, आणि तिच्या उजव्या तळहाताला जाड पट्टी होती.

बाई दारातच थांबल्या.

"बाई? तुम्ही इथं?" ती घाबरूनच गेली. "काय झालं?"

"हाताला काय झालं तुझ्या?"

"हे होय? भट्टीचं दार लागलं. आमच्याकडे चालायचंच."

"चौकोन कुठे आहेत?"

"घरी आहेत."

पण ते घरी नव्हते. भट्टीच्या बाजूला खिळ्यावर ते लटकलेले बाईंना दिसत होते, निळ्या कडेसकट. बाई आत गेल्या, त्यांनी ते काढले. एकाच्या मध्यावर भोक होतं आणि भोकाभोवती काळी, कडक, चकाकती कड. दुसराही तसाच, फक्त भोक लहान.

बाईंनी दोन्ही चौकोन उलटसुलट केले. मग विचारलं, "हे दोन्ही एकाच दिवशी?"

बेकरीवाली डाव्या हातानं मांडणीतले पत्रे सारखे करू लागली.

"मी विचारतेय."

"नाही. पहिला मंगळवारी. चिकटलाच हाताला. मला वाटलं, मीच पत्रा फार गरम असताना उचलला. तुमच्या विणीत काही चूक असेल असं मनातच आलं नाही हो बाई. मग गुरुवारी दुसरा घेतला."

"भाजलेल्या हातानं?"

"पट्टी होती ना वर." ती खाली बघून म्हणाली. "महिना भरायचा होता. मी नवीन, पहिलंच पत्र माझं. अर्ध्यातच सोडलं तर तुम्ही माडीवर काय म्हणाला असता? दुसऱ्यांदा जरा जास्त भाजलं. ते वितळलेलं कातडीत बसलं. दवाखान्यात काढावं लागलं."

बाईंना बसायला काहीतरी हवं होतं. पिठाच्या पोत्यावर त्या बसल्या. रिकामा उजवा हात मांडीवर पडला आणि कापू लागला. तो त्यांनी दाबून धरला नाही, कारण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. दोरा जाळून बघितला नाही ही चूक होती, ती कुणाच्याही हातून झाली असती. पण ही पोर त्यांच्या नियमासाठी, त्यांच्या मोठ्यानं वाचण्याला भिऊन, दुसऱ्यांदा भाजून घ्यायला गेली होती. हे एकट्या बाईंचं होतं. त्यात दोरेवाल्याचा वाटा नव्हता.

"कागद आहे का?" त्या म्हणाल्या. "पत्र लिहून टाक आत्ता."

"महिना कुठे झालाय?"

"महिना गेला चुलीत. लिही."

तिनं ऑर्डर लिहायची वही आणली, पेन आणलं, आणि पट्टीच्या हातात ते धरता येईना म्हणून ओशाळून हसली. "थांबा, पुढच्या काउंटरवरच्या मुलीला बोलावते. ती लिहील."

"नको. मी लिहिते, तू सांग."

वही पोत्यावर ठेवून बाईंनी पेन हातात घेतलं. बेकरीवालीनं घसा साफ केला. "बाईंनी पाठवलेले दोन चौकोन मिळाले. वीण फार सुबक आहे. कडही—"

"ते राहू दे. भाजलं ते सांग."

"बाई, कशाला..."

"भाजलं ते सांग म्हणते ना."

तिनं सांगितलं. मंगळवार सांगितला, गुरुवार सांगितला, दवाखाना सांगितला. बाई लिहीत गेल्या. पहिली ओळ शाळेतल्या फळ्यावरची होती, दुसरी वर चढली, चौथीला अक्षरं मुंग्यांएवढी झाली. बेकरीवाली बोलता बोलता थांबली. ती आता कागदाकडे बघत नव्हती.

"कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"आठ महिने."

"घरी माहीत आहे?"

"नाही."

बाहेर गाडी लागली होती, कुणीतरी पत्रे उतरवत होतं. बेकरीवाली त्या आवाजाकडे कान देऊन उभी राहिली, बाईंकडे बघायला नको म्हणून. मग म्हणाली, "एवढं पुरे, बाई. झालं पत्र."

"झालं नाही." आणि तिनं न सांगितलेल्या तीन ओळी बाईंनी स्वतःहून लिहिल्या. हात कापतो म्हणून मी दोरा जाळून पाहिला नाही. ही वस्तू मी न तपासता पाठवली. यापुढे माझ्या नावाची चिठ्ठी टाकू नये.

शेवटच्या ओळीला त्यांना इतका वेळ लागला की भट्टीची घंटा वाजली आणि बेकरीवाली एका हातानं भट्टी बंद करून परत आली. बाईंनी पिशवीतले जुने चौकोन तिच्यापुढे ठेवले. "हे सुताचे आहेत. तरी तू आधी एक दोरा काढून जाळून बघ. मी सांगते म्हणून घेऊ नकोस." मग त्यांनी वही पुढे केली. "शनिवारी हे तू वाचायचंस. माझ्याकडे द्यायचं नाही. वाचून बघ आणि सही कर."

बेकरीवालीनं वही उजेडाकडे धरली. बारीक अक्षर लावायला तिला वेळ लागत होता, ओठ हलत होते. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांना तेव्हा जगात एकच गोष्ट हवी होती, आणि ती हवी असल्याचं त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही. ती म्हणेल, हे काय बाई, असं नका लिहू, तुम्ही विणायचं सोडलंत तर आम्ही कुणाकडे बघायचं?

ती तसं काही म्हणाली नाही. तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली, पेन डाव्या हातात घेतलं आणि बाईंच्या अक्षराखाली सही केली.