सहाशे किलोमीटर आणि एक बाही

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा, जेमतेम वीतभर उंचीचा लोकरी स्वेटर आहे. पण आकारावर जाऊ नका. माझा जन्म अर्धा जमिनीवर आणि अर्धा ढगांच्या वर झाला आहे!

मला विणणारे आजोबा जन्मभर बस चालवत होते. निवृत्त झाले आणि त्यांचे मनगट मोडले. प्लॅस्टर निघाले, तरी बोटे वळेनात. "विणकाम करा, बोटं मोकळी होतील," असे डॉक्टरांनी सांगितले. मग आजोबा आजींकडून टाके घालायला शिकले. माझा गळा तर त्यांनी कितीदा उसवला!

अशात शेजारच्या देशात राहणाऱ्या त्यांच्या लेकीला मुलगी झाली. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही पोचलात की लगेच बाळाला दवाखान्यातून घरी नेऊ. तुमचाच स्वेटर घालून हं!"

माझी एक बाही व्हायची होती. पण आजोबा निश्चिंत. "सहाशे किलोमीटर म्हणजे अख्खा दिवस! बाही प्रवासात होईल," म्हणत ते झोपले.

दुसऱ्या दिवशी आजी-आजोबांचे विमान उडाले आणि सूचना झाली, "आपण सव्वा तासात पोचू." आजोबांची सुई थबकली.

"अहो, ही काय तुमची बस आहे, वाटेत चहाला थांबायला?" आजी म्हणाल्या. "द्या इकडे, मी करते."

"नको. लेकीने माझ्याकडे मागितलाय."

बोटे ताठली. टाका निसटला. आजींनी लोकरीचा गुंडा धरला. शेजारच्या बाईही मान वाकडी करून बघू लागल्या. बाही कोपरापर्यंतच आली होती, तोच वैमानिकाचा आवाज आला, "समोरून जोराचा वारा आहे. पोचायला उशीर होईल."

सगळे विमान कुरकुरले. आजोबांनी मात्र चक्क टाळी वाजवली!

"काका, उशीर झाला म्हणून खूश होणारे तुम्ही पहिलेच!" बाई म्हणाल्या.

"वाहू दे बाबा, वाहू दे!" म्हणत आजोबा विणत सुटले. चाके धावपट्टीला टेकली आणि त्यांनी शेवटचा टाका बंद केला. आसपासच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तासाभरात मी नातीच्या अंगावर होतो आणि आजोबा दवाखान्याच्या दारातून तिला मिरवत बाहेर आणत होते.

आजोबांनी नंतर फोनवर सांगितले, की परतताना तोच वारा पाठीशी होता, म्हणून विमान लवकर पोचले. मित्रांनो, अंतर तेवढेच असते. वेळ मात्र वाऱ्यालाही विचारावी लागते.

त्यानंतर माझ्यात कितीतरी बाळे वाढली. म्हणून सांगतो, लहान झालेला स्वेटर फेकू नका. कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, पुढच्या बाळाला द्या. मला घालाल तेव्हा उजवी बाही तेवढी दुमडा. ती जरा लांब झाली आहे. त्या दिवशी वाराच भरपूर होता!