बाहेरच्या बिजागऱ्या

"आवाज वाढव जरा. मूर्खांचं बोलणं नीट ऐकू तरी येऊ दे," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप गुडघ्यावर टेकवला.

लेकीने आवाज वाढवला. रविवारची दुपार होती, ती सुट्टीसाठी घरी आली होती आणि टीव्हीवर एका पंथावरची डॉक्युमेंटरी लागली होती. हे लोक स्वतःला 'निवडलेले' म्हणवत. देवाने म्हणे अख्ख्या जगातून चारशे जण निवडले होते, बाकीचे सगळे आगीत जळून जायचे होते. आग लागायला उशीर होतोय असं वाटल्यावर निवडलेल्यांनी शेजारच्या गावातलं वाचनालय स्वतःच पेटवलं. त्यांच्यात पोरांना शाळा बंद, आजाऱ्याला औषध बंद, बायकांना मोठ्याने हसणं बंद. म्होरक्याला ते 'थोरले' म्हणत. थोरल्यांना मात्र काहीही बंद नसावं, कारण पडद्यावर दिसणाऱ्या त्यांच्या गुबगुबीत चेहऱ्याला मान अशी नव्हतीच.

"निवडलेले म्हणे! भाजी निवडल्यावर केरात काय जातं ते बघितलंय मी," मिस्त्री म्हणाले. "ही सगळी देठं एका जागी गोळा झालीत."

लेक हसली. तेवढं त्यांना पुरेसं होतं.

चाळीस वर्षं लोकांच्या घरांची दारं बसवून मिस्त्रींचं एक पक्कं मत झालं होतं. जगात ज्यांना काम येतं ते थोडे, आणि बाकीची खोगीरभरती. डॉक्टर, पुढारी, देवाचे दलाल, सगळे त्यांनी दुसऱ्या ढिगात टाकले होते. डॉक्युमेंटरीवाल्यांनाही त्यांनी सोडलं नाही. "कुणी डोळे पुसले की लगेच मागे बाजा सुरू. जसं काही आम्हाला रडायचं कुठे तेच कळत नाही." पंथातून बाहेर पडलेला एक म्हातारा, थोरल्यांचे पाय धुतलेलं पाणी आपण कसे प्यायचो ते सांगत होता. मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "ऐक, ऐक! आणि हा माणूस मतदान करतो!"

मग एकदम ते कप सांडत उठून उभे राहिले.

"अगं ए, बाहेर ये लवकर! माझं दार दाखवतायत!"

बायको ओले हात पुसत आली. पडद्यावर एक बंद दार होतं. जाडजूड फळ्या आणि बाहेरून तीन कड्या.

"ते स्क्रू बघ. सगळ्यांच्या खाचा उभ्या. एक तरी तिरकी दिसतेय का? असं दुसरं कुणी करतच नाही. दहा वर्षं झाली असतील, पण पल्ला तसूभर खाली उतरलेला नाही!"

कॅमेरा मागे सरकला. दाराशेजारी एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी उभी होती.

"थोरल्यांना उलट बोललं की इथे कोंडायचे," ती म्हणाली. "आम्ही नऊ जणी होतो. मी चौदा वर्षांची होते. माझ्या मैत्रिणीला ताप आला, अंग नुसतं भाजत होतं. मी जेवणातला एक चमचा लपवून ठेवला होता. बिजागरीची खीळ त्याने ठोकून काढायची, असं आमचं ठरलं होतं. पण आतून बिजागरीच नव्हती. सगळ्या बाहेरच्या बाजूला. ज्यानं दार बसवलं, त्यानं चांगलं डोकं चालवलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली."

या वेळी मागे बाजा वाजला नाही.

"बाबा?" लेक म्हणाली.

"सामानाची खोली होती ती." मिस्त्री खाली बसले. "मला तसंच सांगितलं होतं. देठं साली! त्यांना काय अक्कल? नुसत्या कड्या लावून द्या म्हणाले. दार आत उघडत होतं, म्हणजे बिजागऱ्या आतल्या बाजूला. मीच म्हटलं, अहो, आतल्यानं खीळ काढली की तुमच्या कड्या राहिल्या शोभेला. मग मीच उलटं फिरवून बसवलं, बाहेर उघडणारं."

"आतल्यानं म्हणजे कुणी?"

"अं?"

"सामानाच्या खोलीत खीळ कोण काढणार होतं, बाबा? पोती?"

बायकोने त्यांच्या हातातून कप काढून घेतला.

शेवटी पंथाचा वकील पडद्यावर आला. खोलीला बाहेरून कडी कधी नव्हतीच, कुणीतरी बदनामीसाठी ती मागाहून ठोकली, असं तो शांतपणे सांगत होता. खटला अजून चालू होता. लेकीने टीव्ही बंद केला.

"कधी बसवलंत, कुणी सांगितलं, हे तुम्हीच सांगू शकता."

"चारशे गाढवांच्या भांडणात मी कशाला पडू?"

"चारशे एक," बायको म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढचे दोन दिवस मिस्त्री सगळ्यांना नावं ठेवत हिंडले, पण त्यात चव राहिली नव्हती. त्यांना त्या दिवसाचं सगळं आठवायला लागलं, अगदी नको तेही. खोलीबाहेर लहान चपलांची रांग होती. हत्यारांची पिशवी ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी ती रांग पायानेच बाजूला सारली होती. लोकांना शिस्त नाही, असं वर म्हणालेही होते. जन्मभर दुसऱ्यांना मूर्ख म्हणण्यात गेला आणि सामान चपला घालत नाही एवढं आपल्याला कळलं नाही, या विचाराने त्यांना स्वतःची किळस आली. खरं तर कळलं होतं. काम इतकं छान जमत होतं की तिकडे बघावंसं वाटलं नव्हतं.

बुधवारी ते एकटेच, त्या मुलींच्या बाजूने खटला लढवणाऱ्या वकीलबाईंच्या ऑफिसात गेले. झेरॉक्सच्या दुकानावरची अरुंद खोली होती, खिडकीपाशी कुणी मुलगी कागद टाचत बसली होती. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. दार कोणत्या वर्षी बसवलं, कुणी बोलावलं, ते कुणी उलटं फिरवलं. ते बोलत गेले तसं बाईंनी लिहून घेतलं.

"कोर्टात तुम्हाला मूर्ख ठरवतील, सांगून ठेवते," बाई म्हणाल्या.

"त्यांना फार कष्ट पडायचे नाहीत."

खिडकीपाशी कागद टाचण्याचा आवाज थांबला होता. मिस्त्रींनी वळून बघितलं. टीव्हीवर दिसली त्यापेक्षा ती पुष्कळ लहानखुरी होती. आपली खुर्ची उचलून ती त्यांच्यासमोर येऊन बसली. आता ही काय बोलेल ते सगळं ऐकून घ्यायचं, असं ठरवून मिस्त्री मान खाली घालून बसले.

"काका, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "आम्ही जोर कुठे लावायला हवा होता? मी अजून रोज ते दार डोळ्यांसमोर आणते. चौकटीत फट असेल, एखादी फळी कच्ची असेल. वाटतं, मला काहीतरी सुचायला हवं होतं. सुचलं असतं तर ती वाचली असती."

मिस्त्रींनी घाई केली नाही. त्यांनी मनात ते दार आतून बघितलं, पहिल्यांदाच. चौकट भिंतीत किती खोल बसवली होती ते आठवलं, मग फळ्यांचे सांधे, मग उंबरा, सगळीकडून हात फिरवून पाहिला. त्यांना एक तरी जागा कच्ची सापडायला हवी होती.

"कुठेच नाही, पोरी," ते म्हणाले. "नऊ काय, नव्वद जणी असत्या तरी उघडलं नसतं. ते मी बसवलं होतं."

तिने त्यांच्या हातांकडे बघितलं.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. मग खुर्ची उचलून पुन्हा खिडकीपाशी गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली.