घरून काम

बुधवारची दुपार होती. शरयू शाळेतून लवकर घरी आली आणि पेपरांचा गठ्ठा घेऊन डायनिंग टेबलाशी बसली. अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या एका हायस्कूलमध्ये ती गणित शिकवायची. लहान मुलं असलेल्या शिक्षकांना आठवड्यातल्या दोन दुपारी घरून काम करता येईल, अशी सवलत शाळेने २००७ साली दिली. घर सांभाळता आलं की काम जास्त होईल, असा हेतू. ही सवलत शरयूला नको होती. ती शंतनूने घ्यायला लावली. गाड्यांच्या कंपनीतली त्याची नोकरी गेली होती आणि बायको रोज बाहेर जाते, हे त्याला बघवत नव्हतं.

"पान घे," तो म्हणाला.

"तवा तापत ठेवलाय. एवढे पेपर संपवते, उद्या ग्रेड्स सबमिट करायच्यात."

"घरी असून मी थांबायचं?"

त्याने पेपर टराटरा फाडले. मनगट धरून तिला ओट्यापर्यंत फरफटत नेलं आणि तिचा तळहात तापलेल्या तव्यावर दाबला. शरयूची किंकाळी ऐकून सात वर्षांची अदिती धावत आली. "बाबा, स्टॉप! यू आर हर्टिंग हर!" त्याने लेकीला ढकललं. तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटून फुटलं.

तो गाडी घेऊन निघून गेल्यावर शेजारच्या प्रतिमाकाकू आल्या. त्यांनी दोघींना मलमपट्टी केली.

"पोलीसबिलीस नको हं. जॉब गेलाय, चिडतो माणूस. मराठी मंडळात बोभाटा होईल. बाईनेच सांभाळून घ्यायचं असतं गं."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका मिसेस कोवाल्स्कींनी शरयूला बोलावलं. त्यांचा सूर मायेचा होता.

"घरून काम केल्याने इतरांचं काम जास्त होतंय, तुझं मात्र मागे पडतंय. आणखी एक दुपार घरी देऊ का?"

शरयूने बँडेज बांधलेला हात टेबलावर ठेवला.

"मला घरून काम नको, मॅडम. शाळेत मी काम करते. घरी मी मार खाते. काल नवऱ्याने मुलीलाही सोडलं नाही."

मिसेस कोवाल्स्कींनी फोन पुढे सरकवला. पोलिसांशी शरयू स्वतः बोलली. तिने काही वगळलं नाही.

संध्याकाळी पोलिसांनी शंतनूला बेड्या घालून नेलं. प्रतिमाकाकू अंगणात उभ्या होत्या.

"थोडं सोसलं असतंस तर घर टिकलं असतं, शरयू."

"काकू, आपली भिंत एकच आहे. तुम्हाला इतके महिने ऐकू येत नव्हतं?"

काकूंनी मान खाली घातली.

"यायचं," त्या म्हणाल्या. "आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो."